मान्वेल दे फाया : एका ऋणाईत संगीतकाराचे अल्पचरित्र

गिटार हे वाद्य आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिलेले असेल. नाताळच्या दिवसांत गाणाऱ्या मंडळीबरोबर किंवा एखाद्या लग्नघरी ते वाजत असते. आणि गाणाऱ्याच्या आवाजाला आधार देणे एवढेच त्याचे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पालकांपैकी कित्येकांस तर मुलाने गिटार हाती घेतली की त्याचा अभ्यास बुडालाच असे वाटते. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. ह्या वाद्याचे माहेर जो स्पेन देश, तेथेही शंभर वर्षांपूर्वी प्रतिष्ठित मंडळींचे मत ह्याहून फारसे निराळे नव्हते. गिटार म्हणजे दारूच्या गुत्त्यातील, जिप्सी लोकांच्या नाचगाण्यातील वस्तू. मोठ्या संगीतगृहात पियानो आणि व्हायोलिन ह्यांच्या शेजारी तिला कोण बसवून घेणार? अशा ह्या वाद्यासाठी, आणि केवळ त्या एकट्या वाद्यासाठी, त्या देशाच्या सर्वश्रेष्ठ संगीतकाराने १९२० साली एक लहानशी रचना केली. ती वाजविण्यास सुमारे तीन मिनिटे पुरतात. गिटारसाठी त्याने पुन्हा कधीही काही लिहिले नाही. परंतु त्या तीन मिनिटांत त्या मनुष्याचे सारे अंतःकरण साठविलेले आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच त्याचे अल्पचरित्र येथे देण्याचे योजिले आहे.

मान्वेल दे फाया ह्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८७६ रोजी स्पेनच्या दक्षिण टोकाकडील कादीझ नावाच्या बंदरात झाला. वडील व्यापारी होते व घरची स्थिती त्या वेळी चांगली होती. आई पियानो उत्तम वाजवीत असे. मुलाचे पहिले धडे तिच्याच हाताखाली झाले. घरात एक दाई होती. ती अंदालुसिया प्रांताची गाणी म्हणे व गोष्टी सांगे. पुढे ज्या लोकसंगीताच्या बळावर फाया ह्यांनी जगभर कीर्ती मिळविली, त्याचे बी ह्या दाईच्या गाण्यांतून पेरले गेले असे म्हणण्यास हरकत नाही. दोन शिक्षिका, एक सुशिक्षित आणि एक निरक्षर. पण निरक्षर बाईची शिकवण कमी टिकाऊ ठरली नाही!

कादीझ शहरात जमिनीखाली बांधलेले एक प्रार्थनामंदिर आहे. त्याला तेथील लोक पवित्र गुहा म्हणतात. उत्तम शुक्रवारी तेथे होणाऱ्या उपासनेसाठी १७८६ च्या सुमारास प्रख्यात संगीतकार हायडन ह्यांच्याकडून मुद्दाम संगीत लिहवून घेतले गेले. प्रभु येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर आपल्या मंडळ्यांतूनही त्या दिवशी सात प्रवचने होत असतात, हे वाचकांस ठाऊकच आहे. कादीझ येथे भिंती व खिडक्या काळ्या कापडाने झाकीत, मध्ये एकच दिवा टांगलेला असे; धर्मगुरूने एकेक उद्गार उच्चारून त्यावर बोधपर भाषण करावे, गुडघे टेकावे आणि मग त्या निःस्तब्धतेत वाद्ये सुरू व्हावीत, अशी रीत होती. हे सातही भाग पियानोवर मान्वेल लहानपणीच आपल्या आईच्या शेजारी बसून चार हातांनी वाजवू लागला. सावकाश चालणारे, शोकाचे, तरीही आक्रोश न करणारे ते संगीत त्याच्या कानांत बसले ते जन्मभरासाठी.

पुढे वडिलांच्या व्यापारास उतरती कळा लागली व कुटुंब राजधानी माद्रिद येथे राहावयास आले. तेथील संगीतविद्यालयात त्रागो नावाच्या अध्यापकांपाशी पियानोचा अभ्यास करून मान्वेलने १८९९ साली पहिले पारितोषिक मिळविले. परंतु पारितोषिकाने चूल पेटत नाही. घर चालविण्यासाठी त्याने शिकवण्या धरल्या आणि सार्सुएला ह्या नावाचे खेळ लिहावयास घेतले. सार्सुएला म्हणजे आपल्याकडील संगीत नाटकाचीच जात. भाषणे आणि पदे आलटून पालटून येतात. त्या काळी अशा खेळांवर पैसा चांगला सुटे. फाया ह्यांनी कित्येक लिहिले. त्यांपैकी एकच १९०२ साली रंगभूमीवर आला, आणि तोही फार दिवस चालला नाही. हे अपयश त्यांच्या पथ्यावर पडले असे आम्ही म्हणतो. कारण त्याच सुमारास फेलिपे पेद्रेल ह्या वृद्ध व विद्वान गुरूंची त्यांस भेट झाली. परदेशी संगीताच्या नकला करण्यापेक्षा आपल्याच खेड्यापाड्यांतील गाणी व आपल्याच जुन्या देवळांतील रचना अभ्यासाव्या, हा पेद्रेल ह्यांचा उपदेश शिष्याने शिरोधार्य मानिला.

त्याचे फळ १९०५ साली दिसून आले. शाही ललितकला अकादमीने संगीतिकेसाठी स्पर्धा ठेविली होती. फाया ह्यांनी ग्रानादा शहरातील एका फसविल्या गेलेल्या जिप्सी मुलीच्या कथेवर संगीतिका लिहिली आणि पहिले बक्षीस मिळविले. गमतीची गोष्ट ही की, ज्या ग्रानादाचे वातावरण त्यांनी सुरांत उभे केले ते शहर त्यांनी तोवर पाहिलेले नव्हते! मित्रांना विचारून, पुस्तके चाळून त्यांनी माहिती मिळविली होती. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे हिचा संबंध येणार आहे. बक्षीस मिळाले खरे, पण खेळ करण्यास माद्रिदचे एकही नाट्यगृह पुढे आले नाही. दोन वर्षे वाट पाहून १९०७ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, फाया पॅरिसला निघाले. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेलेला हा मनुष्य तेथे सात वर्षे राहिला.

पॅरिसमधील त्यांची राहणी गरिबीचीच होती. लहानशी खोली, शिकवण्या, फिरत्या नाटकमंडळीबरोबर पियानो वाजविणे, असा क्रम चालू होता. परंतु मोठ्या माणसांची दारे त्यांना आश्चर्य वाटावे इतक्या सहज उघडली. पॉल द्युका ह्यांनी त्यांची संगीतिका शांतपणे ऐकून घेतली व धीर दिला. स्वदेशबंधू आल्बेनिझ ह्यांनी मदत केली. राव्हेल मित्र झाले. आणि ज्यांच्या नावाने साऱ्या युरोपातील तरुण संगीतकार भारून गेले होते, ते क्लोद देब्युसीही ह्या लाजाळू, सडपातळ, फार न बोलणाऱ्या स्पॅनिश गृहस्थास भेटले. देब्युसी स्वभावाने तिखट होते, उपहास करण्याची त्यांस सवय होती. तरीही त्यांनी फाया ह्यांची संगीतिका पाहून वाद्यांची योजना कोठे सुधारावी हे दाखवून दिले. ती संगीतिका पुढे १९१३ साली फ्रान्समध्ये नीस येथे प्रथम रंगभूमीवर आली. स्वदेशाने बक्षीस देऊन कपाटात ठेविलेली वस्तू परक्या देशाने बाहेर काढली.

ह्या देब्युसींविषयी येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९०३ साली त्यांनी पियानोसाठी ग्रानादामधील सायंकाळ ह्या विषयावर एक रचना केली होती. देब्युसींनी स्पेन देश जवळजवळ पाहिलेलाच नव्हता. सरहद्दीपलीकडे सान सेबास्तियान येथे ते एकदा काही तास जाऊन आले होते, तेवढीच त्यांची यात्रा. ग्रानादा तर सरहद्दीपासून शेकडो मैल दूर. असे असता त्या रचनेत लोकगीताची एकही ओळ उसनी न घेता त्यांनी त्या शहराची संध्याकाळ, तिचा सुस्त झुलता ठेका, दुरून ऐकू येणारी गिटार, हे सारे अचूक उतरविले असे फाया ह्यांस वाटे. खुद्द अंदालुसियात जन्मलेल्या मनुष्याने परक्याच्या लेखणीतून आपला देश ओळखावा आणि ते मोकळेपणे कबूल करावे, ही गोष्ट लहान नव्हे. आपल्याकडील कित्येक विद्वान, परक्याने आपल्याविषयी बरे लिहिले तरी त्यात प्रथम चुका शोधतात! फाया ह्यांना चूक शोधावयाची नव्हती. त्यांनीही ग्रानादा न पाहताच लिहिले होते, आणि न पाहता खरे लिहिणे किती कठीण आहे हे त्यांना ठाऊक होते.

१९१४ साली पहिले महायुद्ध पेटले व फाया माद्रिदला परतले. पुढील पाच वर्षांत त्यांची सर्वांत लोकप्रिय नृत्यनाट्ये व पियानो आणि वाद्यवृंदासाठी लिहिलेली स्पेनमधील उद्यानांची रात्र ही रचना झाली. १९१९ च्या जुलै महिन्यात लंडन येथे दियागिलेव्ह ह्यांच्या जगप्रसिद्ध रशियन नृत्यमंडळीने त्यांच्या तीन टोकांची टोपी ह्या नृत्यनाट्याचा पहिला प्रयोग केला. पडदे व वेष पिकासो ह्यांनी रंगविले होते. आयुष्यातील सर्वांत मोठा दिवस तो. आणि त्याच दिवशी आई अत्यवस्थ असल्याची तार आली. फाया प्रयोग न पाहताच निघाले. ज्या रात्री लंडनकर त्यांच्या नावाने टाळ्या वाजवीत होते, त्या रात्री ते आगगाडीत होते. घरी पोहोचण्यापूर्वीच मातेचे देहावसान झाले होते. वडील त्याच वर्षी आधी वारले होते. ह्यानंतर मोठ्या शहरात राहण्याची त्यांस इच्छा उरली नाही. बहीण मारिया देल कार्मेन हिला बरोबर घेऊन १९२० साली ते ग्रानादा येथे राहावयास गेले व पुढे अलहंब्रा राजवाड्याच्या टेकडीवर एका लहानशा पांढऱ्या घरात स्थायिक झाले.

देब्युसी २५ मार्च १९१८ रोजी, जर्मन तोफांचे गोळे पॅरिसवर पडत असता, दीर्घ आजाराने मरण पावले होते. त्यांच्या स्मरणार्थ पॅरिसच्या एका संगीतविषयक मासिकाने १९२० च्या डिसेंबरात विशेष अंक काढला व निरनिराळ्या देशांतील दहा संगीतकारांकडून एकेक रचना मागविली. द्युका, राव्हेल, स्ट्राव्हिन्स्की, बार्टोक, साती अशी थोर नावे त्यात होती. बहुतेकांनी पियानोसाठी लिहिले. राव्हेल ह्यांनी व्हायोलिन व चेलो ह्यांची जोडी घेतली. गिटार निवडणारे एकटे फाया. बार्सिलोनाचे निष्णात गिटारवादक मिगेल ल्योबेत ह्यांनी आपल्या वाद्यासाठी काही लिहावे म्हणून फाया ह्यांच्यामागे बरेच दिवस लकडा लावला होता. दोन मागण्या एकाच वेळी पुऱ्या झाल्या.

फाया स्वतः पियानो वाजविणारे. गिटारवर एक बोट येथे ठेविले असता दुसरे कोठवर पोहोचेल, कोणती तार मोकळी सोडिता येईल, ह्याचा विचार न करता लिहिणाऱ्याची रचना कागदावर सुंदर दिसते आणि हातात येत नाही. म्हणून त्यांनी त्या सहा तारांचा विद्यार्थ्याप्रमाणे अभ्यास केला. त्यांनी लिहिलेली ही एकच गिटाररचना आजही वादक लोक वाजवितात, ह्यातच त्यांच्या परिश्रमाची पावती आहे. तोवर गिटारसाठी लिहिणारे बहुधा स्वतः गिटार वाजविणारेच असत. विसाव्या शतकातील पहिल्या प्रतीच्या, गिटार न वाजविणाऱ्या संगीतकाराने ह्या वाद्याचा गंभीरपणे विचार केल्याचे हे आरंभीचे उदाहरण होय. त्यानंतर इतरांनाही धीर आला.

रचनेच्या माथ्यावर ती खिन्नपणे व शांतपणे वाजवावी अशी सूचना आहे. ठेका हाबानेरा नृत्याचा, म्हणजे देब्युसींच्या त्या ग्रानादाच्या सायंकाळचाच. परंतु येथे तो इतका सावकाश चालतो की नृत्य न वाटता प्रेतयात्रेची पावले वाटतात. पुनःपुन्हा एक स्वर आणि त्याच्या अगदी वरचा अर्धस्वर असे जवळजवळचे दोन सूर कण्हल्यासारखे येतात. आपल्या संगीतातील षड्जावर कोमल ऋषभ घासून जावा तसा काहीसा परिणाम होतो. अंदालुसियाच्या लोकगायनाचा तो प्राणच आहे. मधून मधून सहा तारांवरून झरझर सूर उमटतात आणि थांबतात. गिटारचा सूर छेडताच विरू लागतो, तो व्हायोलिनप्रमाणे लांबविता येत नाही, ऑर्गनप्रमाणे भरता येत नाही. हा ह्या वाद्याचा दोष समजला जातो. फाया ह्यांनी त्या दोषाचाच उपयोग केला. प्रत्येक सूर विरून जाताना ऐकू यावा अशा जागा त्यांनी मोकळ्या ठेविल्या आहेत. आणि अगदी शेवटी, सर्व संपत आले असे वाटत असता, देब्युसींच्या त्या पियानोच्या रचनेतील एक लहानसा तुकडा जशाचा तसा येतो. दोन क्षण मृत मित्राचा आवाज ऐकू यावा आणि पुन्हा तोच संथ ठेका दूर दूर जात बंद पडावा, असा तो शेवट आहे. ज्याने ग्रानादा न पाहता तिची सायंकाळ गायिली, त्याची वस्तू आता ग्रानादावासी झालेल्या मनुष्याने, ग्रानादाच्याच वाद्यावर, त्यास परत केली. ल्योबेत ह्यांनी १९२१ साली ती रचना स्पेनमध्ये गिटारवर लोकांस ऐकविली.

ग्रानादा येथील वर्षे फाया ह्यांच्या आयुष्यातील सर्वांत समाधानाची होती. तेथे कवी फेदेरिको गार्सिया लोर्का हा बावीस-तेवीस वर्षांचा तरुण त्यांचा स्नेही झाला. दोघांच्या वयांत जवळजवळ बावीस वर्षांचे अंतर व स्वभावांत त्याहून अधिक. १३ व १४ जून १९२२ ह्या दोन रात्री अलहंब्राच्या प्रांगणात त्यांनी व मित्रमंडळींनी मिळून जुन्या लोकगायनाची स्पर्धा भरविली. धंदेवाईक गवयांस मज्जाव होता. खेड्यातून पायी चालत आला असे ज्याच्याविषयी सांगतात तो एक वृद्ध गायक आणि एक कोवळा मुलगा, ह्या दोघांनी बक्षिसे नेली. गुत्त्यात कोंडलेले गाणे राजवाड्याच्या अंगणात आले. शहरातील कित्येक शहाण्यांनी नाके मुरडली, ते निराळे.

फाया रोमन कॅथोलिक पंथाचे अत्यंत निष्ठावान अनुयायी होते. त्यांनी विवाह केला नाही. मिस्सा चुकवीत नसत. अन्न साधे, कपडे स्वच्छ, पैशाचा हिशेब चोख. प्रकृतीची मात्र त्यांस नको इतकी काळजी असे. औषधांच्या बाटल्या, हात धुणे, आवाजाची भीती, ह्यांनी घरच्या माणसांस व स्वतःस त्यांनी पुष्कळ जाच करून घेतला. लिहिलेले पुनःपुन्हा खोडण्याची सवयही वाढतच गेली. १९२३ साली डॉन किहोतेच्या कथेतील कळसूत्री बाहुल्यांच्या प्रसंगावर लिहिलेली संगीतिका आणि १९२६ सालची हार्पसिकॉर्डची रचना, ह्या दोन्ही आकाराने लहान, पण घासून पुसून हिऱ्याप्रमाणे लखलखीत केलेल्या आहेत. ह्यानंतर १९२७ पासून त्यांनी अटलांटिस बेटाच्या पुराणकथेवर एक प्रचंड काव्यगायन हाती घेतले, ते वीस वर्षांतही पुरे झाले नाही. चोखंदळपणा हा गुण खरा. परंतु तो आपल्याच छातीवर बसू लागला म्हणजे त्यास गुण म्हणावे की काय, असा प्रश्न आमच्यासारख्या शिक्षकासही पडतो.

१९३६ च्या जुलैत स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले. एका बाजूस देवळे जाळणारे लोक होते. त्यांच्या कृत्यांनी फाया पूर्वीपासूनच व्यथित झाले होते. दुसऱ्या बाजूस धर्माचे नाव घेऊन माणसे मारणारे लोक होते, आणि ग्रानादा शहर त्यांच्या हाती गेले. ऑगस्टमध्ये त्यांनी लोर्कास पकडले. रस्त्यावरील मोटारच्या कर्ण्याने ज्याची झोप उडे, तो साठीला टेकलेला भित्रा, आजारी मनुष्य टेकडी उतरून सरळ अधिकाऱ्यांच्या कचेरीत गेला. त्या दिवसांत तेथे कोणासाठी रदबदली करणे म्हणजे आपले नाव त्याच यादीत लिहून घेणे होते. परंतु उशीर झाला होता. लोर्कास गोळी घालण्यात आली होती. फाया घरी परत आले. त्या पांढऱ्या घरात ते आणखी तीन वर्षे राहिले, पण पूर्वीचे समाधान पुन्हा आले नाही.

नव्या राजवटीने १९३८ साली त्यांस विद्वानांच्या एका मोठ्या संस्थेचे अध्यक्षपद देऊ केले. प्रकृतीचे कारण सांगून त्यांनी ते नाकारले. १९३९ साली अर्जेंटिनाचे निमंत्रण आले, तेव्हा बहिणीसह ते आगबोटीत बसले व पुन्हा जिवंतपणी स्वदेशी आले नाहीत. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ब्वेनोस आइरेस येथील कोलोन नाट्यगृहात त्यांनी स्वतः वाद्यवृंद चालविला. कार्यक्रमात त्यांची एक नवी रचना होती. तिचे भाग म्हणजे त्यांनी ज्यांचे ऋण मानिले त्यांस वाहिलेल्या अंजली. गुरू पेद्रेल ह्यांस एक, द्युका ह्यांस एक, आणि देब्युसींसाठी तीच गिटारची रचना, आता साऱ्या वाद्यवृंदासाठी मांडलेली. ती अधिक भरदार आहे. तरीही एकट्या गिटारवर ऐकणे आम्ही अधिक पसंत करू. शोक करणारा मनुष्य एकटा असला म्हणजे त्याचे खरे वाटते.

शेवटची वर्षे कोर्दोबा प्रांतातील आल्ता ग्रासिया ह्या डोंगराळ गावी गेली. दुसऱ्या महायुद्धामुळे युरोपातील उत्पन्न अडकून पडले व हात तंग झाला. स्पेनच्या सरकारने परत आल्यास वर्षासन देऊ असे कळविले; ते त्यांनी घेतले नाही. पुढे १९७० सालच्या शंभर पेसेतांच्या नोटेवर त्याच देशाने त्यांचा चेहरा छापला! अर्धवट राहिलेल्या काव्यगायनाचे कागद उशापायथ्याशी ठेवून १४ नोव्हेंबर १९४६ रोजी, सत्तराव्या वाढदिवसास नऊ दिवस उरले असता, त्यांचे निधन झाले. ते काव्यगायन शिष्य एर्नेस्तो हाल्फ्तेर ह्यांनी पुरे केले व १९६१ साली ते बार्सिलोना येथे प्रथम गायिले गेले.

त्यांचा देह आगबोटीने कादीझ येथे आणून जानेवारी १९४७ मध्ये तेथील कॅथीड्रलच्या तळघरात ठेवण्यात आला. जमिनीखालचे ते दफनस्थान समुद्राच्या अगदी काठाशी आहे. हायडनचे सात उद्गारांवरील संगीत ज्या पवित्र गुहेसाठी लिहिले गेले, ती तेथून थोड्याच अंतरावर आहे.